विजयमालेची वाचा

हिंदुरावनं पोरीचं नाव विजयमाला ठेवलं तेव्हा अख्ख्या वाडीनं नाक मुरडलं होतं. रंभी, गोजरी, भीमी अशी नावं जिथं पिढ्यान्‌पिढ्या पुरली, तिथं एवढं लांबलचक नाव कशाला, हाक मारून संपेपर्यंत पोर विहिरीत पडायची, असं म्हातारे म्हणायचे. हिंदुरावनं कुणाचं ऐकलं नाही. पुढं त्याची विजू झाली ती झालीच. पण विजू तीन वर्षांची व्हायला आली तरी तिनं स्वतःचं नाव सोडाच, आई म्हणूनसुद्धा तोंड उघडलं नव्हतं.

टेंभुर्णीच्या अलीकडं दोन कोसांवर ही वाडी. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला, विहिरींनी तळ दाखवला आणि दिवाळी सरता सरता हिंदुराव दोन्ही बैल घेऊन वेळापूरकडं, कालव्याच्या पट्ट्यातल्या छावणीत निघून गेला. घरात चौघी उरल्या. सासू गोजरबाई, सून रंभा, पोरगी विजू आणि हिंदुरावची धाकटी बहीण चिमा. चिमाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलताही येत नव्हतं. पंचविशी उलटली होती, पण तिच्या लग्नाचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. अंगानं धडधाकट, कामाला वाघीण. दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन ती माळ चढायची तेव्हा गडीमाणसं बाजूला व्हायची.

दुष्काळी काम निघालं तेव्हा गोजरबाई तिलाही सडकेवर घेऊन गेली होती. पहिल्याच दिवशी सुरुंगाची शिट्टी झाली. सगळी माणसं पळाली आणि चिमा आपली पाटी भरत तिथंच राहिली. मुकादमानं स्वतः धावत जाऊन तिला ओढून आणलं आणि दुसऱ्या दिवशी हजेरीतून तिचं नाव काढून टाकलं. तेव्हापासून तिच्या वाट्याला घर आलं. शेणकूट, पाणी, चूल आणि विजू.

सासू-सुना दिवस उगवायच्या आत भाकरी बांधून बाहेर पडायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. हातांच्या बोटांना चिंध्या गुंडाळून, सायकलच्या टायरच्या कड्यात दगड धरून दिवसभर खडी फोडायची. कपच्या उडायच्या, डोळे चुरचुरायचे, पाठीचं लाकूड व्हायचं. घरी आल्यावर रेशनवरच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी कशीबशी घशाखाली ढकलायची आणि आडवं व्हायचं. अख्खा हिवाळा असा गेला. रंभानं आपली पोर पाहिली ती एकतर पेंगताना, नाहीतर झोपलेली. पोर बोलत नाही हे तिला दिसत होतं, पण बोलेल की आज ना उद्या, म्हणून तिनं ते आतल्या आत सारून ठेवलं होतं.

संक्रांत झाली आणि शेजारची भीमाबाई तिच्या ओळीत खडी फोडायला बसायला लागली. भीमाचं पोरगं विजूपेक्षा सहा महिन्यांनी लहान. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून ती त्याला बरोबर आणायची, दोन काठ्यांवर लुगडं टाकून सावलीला निजवायची. जागं झालं की ते पोरगं पाणी दे म्हणायचं, भाकर दे म्हणायचं, मुकादमाची छत्री माग म्हणायचं. चार दिवस भीमा गप्प बसली. पाचव्या दिवशी हातोडी थांबवून म्हणाली,

"रंभे, माजं पोरगं तुजीच्या मागनं सा महिन्यानं झालं. तुजी अजून आई म्हनंना. आत्यावर गेली का काय बघ की."

ती वाईट मनाची बाई नव्हती. पण ओळीतल्या आणखी तिघींच्या हातोड्या तेवढ्यापुरत्या थांबल्या, आणि रंभाला कळलं की ही गोष्ट आपल्यामागं बरेच दिवस चाललेली आहे. त्या दिवशी तिचा ढीग नेहमीच्या निम्मा झाला.

घरी येऊन तिनं सासूला सांगितलं. गोजरबाईनं एक मुलगी अशी पंचवीस वर्षं पाहिली होती, तिला नव्यानं काही सांगायला नको होतं. तिनं दुसऱ्याच दिवसापासून उपाय धरले. वेखंड उगाळून मधाच्या बोटानं जिभेवर चोळलं. पोरगी ओकली. मग पोपटाचं उष्टं खाल्लं की वाचा फुटते म्हणून ती पोपटाच्या शोधाला लागली. दुष्काळात झाडावर पानं नाहीत, तिथं पोपट कुठला. शेवटी टेंभुर्णीच्या बाजारात पोपटाकडून चिठ्ठ्या काढून भविष्य सांगणारा एक जण बसतो असं कळलं. कामाला खाडा करून म्हातारी दोन कोस चालत गेली, एक पेरू मिळवला आणि त्या पोपटापुढं धरला. पोपटाला जन्मभर एकच धंदा शिकवलेला. त्यानं पेरूची फोड चोचीत धरली आणि चिठ्ठी ठेवावी तशी गोजरबाईपुढं नीट आणून ठेवली. चोच लागली एवढ्यावर समाधान मानून म्हातारी ती फोड पदरात बांधून घरी आली.

विजूनं फोड आवडीनं खाल्ली आणि चिमापुढं तळहात पसरून आणखी मागितली. तोंडातून अक्षर निघालं नाही.

मग गोजरबाई विचार करत बसली. चिमा ताटलीतली मिलोची चामट भाकरी आधी आपल्या तोंडात चावायची, मऊ झाली की विजूच्या तोंडात घालायची. पोर मिलो गिळत नव्हती, म्हणून चिमानं ही युक्ती काढली होती. म्हातारीची नजर त्यावर खिळली. पोपटाचं उष्टं लागू पडेल कसं, पोटात आधी दुसरंच उष्टं गेलेलं आहे. लेकीची वाचा नसलेली जीभ नातीच्या तोंडात घासाघासानं उतरते आहे. तिनं उठून चिमाच्या हातावर चापट मारली.

त्या दिवसापासून चिमाची जर्मनची ताटली जात्याशेजारी वेगळी पडली. तांब्याही वेगळा. तिनं पोरीला भरवायचं नाही, तिचं उष्टं पोरीला लागू द्यायचं नाही. रंभाला हे कुठंतरी टोचलं, पण तिलाही भीती बसली होती, आणि भ्यालेलं माणूस कशालाही मान डोलावतं. काय चुकलं हे चिमाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायचं तर कसं सांगणार. तिनं आपल्या अकलेप्रमाणं अर्थ लावला. भांडी नीट निघाली नसतील, असा. घरातलं होतं नव्हतं तेवढं सगळं तिनं राख लावून पुन्हा घासलं आणि ओसरीवर ओळीनं मांडून ती आईच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

माघ संपत आला तेव्हा रंभाच्या अंगठ्यावर हातोडी बसली. नख काळं पडलं, पिकलं, हात कोपरापर्यंत ठणकायला लागला. मुकादमानं दोन दिवस घरी बस म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी ती आतल्या अंधाऱ्या खोलीत घोंगड्यावर पडून राहिली. गोजरबाई एकटीच कामाला गेली होती. माळवदाच्या सवण्यातून, छतातल्या झरोक्यातून, उन्हाचा एक पट्टा खाली आला होता, आणि दारातून ओसरीवरच्या दोघी दिसत होत्या. चिमा मिलो निवडत होती. विजू तिच्यापुढं बसली होती.

विजूनं मूठ वळली आणि दुसऱ्या तळहातावर तीनदा मारली. मग दोन्ही हात उघडे करून चिमाकडं पाहिलं.

रंभाला आधी तो खेळ वाटला. पण चिमानं सूप खाली ठेवलं आणि उत्तर दिलं. तिनं बोट मिशीसारखं वरच्या ओठावरून फिरवलं, तर पोरीनं डोक्याशी दोन बोटांची शिंगं केली आणि लांब दिशेला हात दाखवला. बाप बैल घेऊन गेला. चिमानं पदर डोक्यावर ओढून पाठ वाकवली, ती गोजरबाई. एकामागून एक हात हलत होते, थांबत होते, कधी विजू चिमाचा हात धरून थांबवायची आणि तेच पुन्हा कर म्हणायची. चूक झाली की चिमा मान हलवायची आणि पोरीची बोटं आपल्या बोटांनी नीट करायची. मध्येच दोघी हसल्या. विजूच्या हसण्याला आवाज होता, चिमाच्या हसण्यात नुसता श्वास.

मग विजूनं पुन्हा तळहातावर मूठ मारली, तीनदा. हातोडी. रंभा उठून बसली. ती हातोडी म्हणजे आपण, हे तिला एकाएकी समजलं.

हातोडी कुठं आहे, असं पोर विचारत होती. चिमानं आत अंधाराकडं बोट केलं. विजूनं आत पाहिलं. आई दिसली, पण पोरीनं नाही म्हणून ठाम मान हलवली. बाहेर जाऊन सूर्याकडं बोट केलं, मग तो हात सावकाश खाली खाली जमिनीला टेकवला आणि तेव्हा कुठं तळहातावर मूठ मारली. दिवस बुडाला की हातोडी येते. आता दिवस वर आहे. आत पडलेली बाई ती नव्हे.

रंभाच्या डोळ्यांना धार लागली. पोर बोलत होती. घडाघडा बोलत होती, विचारत होती, भांडत होती, आणि तिच्या आईला त्यातलं निम्मंसुद्धा कळत नव्हतं. आनंद व्हावा की पोटात आग पडावी, हे तिचं तिलाच ठरवता येईना. पोरीची वाचा कुणी खाल्ली नव्हती. चिमानं आपल्याजवळ होतं नव्हतं तेवढं सगळं पोरीला दिलं होतं. पण ते घेऊन ही पोर उद्या कुणाच्या दारात उभी राहणार? चिमा उभी राहिली तशीच, हजेरीतून नाव कापलेली.

दुसऱ्या दिवशी ती अंगठा दाखवायला टेंभुर्णीला गेली तेव्हा पोरीला कडेवर घेऊन गेली. डॉक्टरनं नख काढलं, पट्टी बांधली. मग विजूला पाठमोरी बसवून तिच्या मागं पत्र्याच्या ताटलीत चमचा टाकला. विजू झटकन वळली. डॉक्टरनं विचारलं, दिवसभर हिच्याजवळ कोण असतं. रंभानं सांगितलं.

"मग ती कुणाचं ऐकून बोलणार, बाई? कान चांगले आहेत हिचे. बोलणाऱ्या माणसांत ठेवा. आताच ठेवा, उशीर झाला तर जड जाईल."

वाटेनं रंभा एकसारखी पोरीशी बोलत आली. हे झाड, हा दगड, हा टरक. विजू तिच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत होती, आणि हात मोकळे असून ही बाई ते का वापरत नाही, याचं तिला नवल वाटत असावं.

तिसऱ्या दिवशी तिनं विजूला सडकेवर नेलं. चिमा तांब्यात पाणी आणि चिंधीत भाकरीचा तुकडा घेऊन मागोमाग निघाली. वेशीपाशी गोजरबाईनं तिला खांद्याला धरून माघारी फिरवलं. ती थोडी गेली, पुन्हा आली. शेवटी म्हातारीनं मातीचं ढेकूळ उचललं, तेव्हा ती थांबली. माळावर बराच वेळ तिचं लाल लुगडं दिसत राहिलं.

बोलायला शिकवणं हे खडी फोडण्यापेक्षा अवघड निघालं. रंभा हातोडी मारता मारता म्हणायची, म्हण आई, म्हण पाणी, म्हण बाबा. विजू ढिम्म. ती म्हण म्हटलेलं म्हणत नव्हती. ती ऐकत होती ते तिला उद्देशून नसलेलं. बायका एकमेकींशी काय बोलतात, पाटी आली की काय ओरडतात, सुकडीचा खाऊ वाटायला माणूस आला की कोणता शब्द निघतो आणि त्याबरोबर कुणाची नजर कुठं जाते, हे ती बघत बसायची. पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी मुकादमानं ढिगाकडं छत्री करून खडी म्हटलं, आणि विजूनं त्याच्या मागोमाग स्वच्छ आवाजात म्हटलं, "खडी."

ओळीतल्या सगळ्या बायका तिच्याकडं वळल्या. विजूनं आईकडं पाहिलं. आपण म्हटलं ते बरोबर का, असं विचारणारी ती नजर. रंभानं हातोडी खाली ठेवली. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, "व्हय. खडी."

त्यानंतर पोरीला नाद लागला. सुकडीचे गोळे खडी, गुळाचा खडा खडी, शेळीच्या लेंड्याही खडीच. म्हणायचं आणि आईकडं बघायचं. आई व्हय म्हणाली तर शब्द तिथं बसला, न्हाय म्हणाली तर उचलून दुसरीकडं ठेवून बघायचा. मग पाणी आलं, पाटी आली, ऊन आलं. मुकादम आला तो तर प्रत्येक गड्याला लागला. सडकेनं जाणारा कीर्तनकार मुकादम, टरकवाला मुकादम, शेताच्या बांधावर उभं केलेलं बुजगावणंही मुकादम. बायका हसून हसून लोळायच्या. एके दिवशी, उन्हानं डोकं फुटायची वेळ होती, विजू रंभाच्या मांडीवर डोकं टेकून आई म्हणाली, आणि लगेच वर पाहिलं. रंभानं तेव्हा तिला व्हय म्हणून उत्तर दिलं की नुसतं पोटाशी धरलं, हे तिला पुढं कधी आठवलं नाही.

इकडं घरी दुसरंच चाललं होतं. दिवेलागणीला तिघी परत आल्या की चिमा दारात उभी असायची. विजूला खाली ठेवल्याबरोबर दिवसभराचं सगळं तिच्या हातांतून बाहेर यायचं. शेळी व्याली, घागर फुटली, तू कुठं होतीस. विजूही सुरू व्हायची. सुरुंगाला तिनं स्वतः हात शोधून काढला होता, दोन्ही मुठी एकदम फाकवायच्या आणि डोळे मिटायचे. चिमानं तो लगेच घेतला. पण आता पोर पाणीही हातानंच मागायची, भाकरीही हातानंच. दिवसभर पेरलेलं संध्याकाळी वाहून जातंय असं रंभाला वाटायचं. डॉक्टरचं बोलणं तिच्या कानात बसलं होतं.

एका संध्याकाळी विजूनं अंगठा ओठाला लावून पाणी मागितलं तेव्हा रंभानं तिचे दोन्ही हात आपल्या एका हातात पकडून मांडीवर दाबून धरले.

"हातानं न्हाय. तोंडानं माग."

पोर रडली, हात सोडवायला धडपडली. रंभानं सोडले नाहीत. चिमा भरलेला तांब्या घेऊन समोर उभी होती. तिनं तांब्या पुढं केला, रंभानं तो कोपरानं बाजूला सारला. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं, त्या दिवसांत सांडू नये तेवढं. शेवटी हुंदके देत विजू पाणी म्हणाली. रंभानं हात सोडले आणि तिला पाणी पाजलं. चिमाला पोर काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तिनं पाहिलं ते एवढंच, की पोरीचे हात बांधले होते. ती आपल्या हातांकडं बघत चुलीमागं जाऊन बसली, आणि त्यानंतर रंभा घरात असली की ती ते हात पदराखाली ठेवायला लागली.

रंभाला हे दिसत होतं. पण पोर दिवसाला दोन-दोन शब्द उचलत होती. तिनं मन घट्ट केलं.

चैत्रात हिंदुराव दोन दिवसांसाठी घरी आला. रोडावला होता, दाढी वाढली होती. विजू त्याच्याकडं बघून बोट रोखून म्हणाली, "मुकादम." तो आधी चमकला आणि मग एवढा हसला की त्याला ठसका लागला. पोर बोलते, एवढंच त्याला पुरे होतं. रंभानं न्हाय म्हणून मान हलवली, बाबा म्हण म्हणून सांगितलं. रात्रीच्या भाकरी थापता थापता तिनं मनातली गोष्ट काढली.

"तिकडं तुमाला भाकर कोन करून घालतं? चिमाला न्या की संगं. शेनघान करंल, बैलांचं बघंल."

"आन्‌ हितं पोरीपाशी कोन?"

"पोर माज्या संगं असती आता."

हिंदुरावनं आईकडं पाहिलं. गोजरबाई चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहिली, मग म्हणाली की घेऊन जा, तिचंही मन रमंल. लेकीला घरातून काढून द्यायचा शब्द म्हातारीच्या तोंडून असा निघाला. चिमाचं मन कुठं रमत होतं हे तिघांनाही ठाऊक होतं.

सकाळी चिमाला बैलांची शिंगं करून दाखवली, लांब हात दाखवला, तेव्हा तिला लगेच समजलं. तोंड उजळलं. तिनं आपलं दुसरं लुगडं घडी केलं, ताटली घेतली, आणि त्या गाठोड्यात विजूचं झबलं, विजूची कुंची आणि पोरीला निजताना लागायचं ते फाटकं धडपं नीट दुमडून ठेवलं. वर गाठ मारली. मग विजूला कडेवर घेऊन ती हिंदुरावच्या मागं निघाली.

रंभानं पुढं होऊन पोरीला काढून घेतलं. गाठोडं सोडलं, झबलं काढलं, कुंची काढली, धडपं काढलं, आणि गाठोडं पुन्हा बांधून चिमाच्या हातात दिलं. चिमा तिच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं वहिनीला कळलेलं नाही. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि हातानं नीट समजावून सांगितलं, मी, पोर, बैल, लांब. रंभाला सगळं कळलं होतं. तिनं नाही म्हणून मान हलवली. हिंदुरावनं बहिणीच्या दंडाला धरलं आणि चालायला लागला. विजूनं मागून हाक मारली. आत्या हा शब्द तिला त्याच आठवड्यात आला होता. ती तीनदा ओरडली, चिमाची पाठ तशीच पुढं जात राहिली. मग पोरीनं आईकडं पाहिलं, शब्द चुकला का म्हणून.

"बराबर हाय," रंभा म्हणाली आणि तिला घेऊन कामावर गेली.

पुढं पाऊस झाला, छावणी मोडली, पण हिंदुरावला तिकडंच कालव्यावर बांधबंदिस्तीचं काम मिळालं. बहीण-भाऊ आले ते थेट दसऱ्याच्या तोंडावर. तोवर विजूचं तोंड असं चालायला लागलं होतं की आता हिला गप्प कसं करावं, असं गोजरबाई विचारायची. ज्वारी टिचभर वर आली होती. रंभा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती, भीमा सोबतीला येऊन बसली होती, आणि विजू भीमाच्या पोराला काहीतरी हुकूम सोडत अंगणात उभी होती.

चिमा भावाला मागं टाकून वेशीपासून पळत आली असावी. धापा टाकत अंगणात आली, गाठोडं टाकलं आणि विजूपुढं गुडघ्यांवर बसली. तिचे हात सुरू झाले. सहा महिन्यांचं सगळं. बैल, पाणी, मोठं पाणी, त्यातून जाणारं काहीतरी, तू एवढी उंच झालीस, मी रोज तुला शोधायची. रंभालाच त्यातलं थोडं लागत होतं. विजू आधी दोन पावलं मागं सरली. मग तिला गंमत वाटली. ती हसली, जत्रेतल्या माकडवाल्याला हसावं तशी, आणि भीमाच्या पोराकडं बघून आपलेही हात वेडेवाकडे हलवले. त्यांना काही अर्थ नव्हता. चिमा थबकली. तिनं ते लक्ष देऊन पाहिलं, पुन्हा करायला लावलं. काही लागेना. तिनं पोरीची बोटं धरून नीट करायचा प्रयत्न केला, तशी विजूनं हात ओढून घेतला आणि ती ओसरीवर आईपाशी आली.

"आई, ही काय करती? बोलत का न्हाय?"

हे तुझंच बोलणं आहे, असं रंभाला सांगायचं होतं. तू बोलत होतीस, मी तुझे हात दाबून धरले होते. तीन वर्षांच्या पोरीला हे कुठल्या शब्दांत सांगतात? तेवढ्यात शेंग फोडत भीमा सहज म्हणाली,

"मुकी हाय ती."

नवा शब्द होता. विजूनं तो दोनदा पुटपुटून पाहिला. मग ती ओसरीवरून उतरली, चिमापाशी गेली आणि तिच्या गालाला बोट लावून स्पष्ट म्हणाली, "मुकी." आणि मान वळवून आईकडं बघत उभी राहिली.

चिमाही तिकडंच बघत होती. पोरीनं जवळ येऊन आपल्याला हात लावला, आपल्या तोंडाकडं बघून ओठ हलवले, ते आपलं नाव असणार असं तिला वाटलं होतं. तिचं तोंड आनंदानं भरून आलं होतं. दोघी वाट बघत होत्या.

रंभाला न्हाय म्हणायचं होतं. तिनं या पोरीला आजवर एकही शब्द खोटा दिला नव्हता. तिची मान हलली.

"व्हय," ती म्हणाली.

विजू खूश होऊन भीमाच्या पोराला सांगायला पळाली. रंभाची मान हलताना चिमानं पाहिलं होतं. तिनंही हसत हसत दोनदा मान हलवली.